मारबतीला चेहरा कोणाचा?

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कागद आणि कापड, वरून रंग, गळ्यात दागिने, वटारलेले डोळे. ही पूतना राक्षसीची बाहुली. पण उंचीला माणसाच्या कितीतरी पट. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असे सांगितले जाते. पिवळीची परंपरा तेली समाजाने जपली आहे. सोबत बडगे असतात. रोगराई, इडापिडा सोबत घेऊन जा, अशी हाक देत लोक मिरवणूक काढतात आणि शेवटी बाहुली जाळतात.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो, माझी तक्रार ही बाहुली घडविणाऱ्या हातांविरुद्ध नाही. कामट्या तासायच्या, आडव्याउभ्या बांधायच्या, तोल सांभाळायचा, खळीने कागद चिकटवायचा आणि ऐन पावसाळ्यात तो वाळेपर्यंत राखायचा, हे सोपे काम नव्हे. हे हात बहुजनांचे आहेत. प्रश्न एवढाच आहे, की एवढ्या मेहनतीने उभ्या केलेल्या राक्षसीला चेहरा कोणाचा दिला जातो?

काळ्या मारबतीबद्दल आणखी एक कथा सांगतात. भोसले घराण्यातील बाकाबाई इंग्रजांना सामील झाल्या, म्हणून लोकांनी संतापून त्यांचा पुतळा काढला. आता वकिलाच्या सवयीने तारखा तपासू. सीताबर्डीची लढाई १८१७ची, काळी मारबत १८८१ची. मधे साठाहून अधिक वर्षे! शिवाय इंग्रजांना सामील झालेले पुरुष या देशात थोडे होते काय? त्यांच्या बाहुल्या कुठे आहेत? बडग्याचा विषय दरवर्षी बदलतो. कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी डेंग्यू. म्हणजे पुरुषाच्या पुतळ्यावरचा आरोप वर्षभरात मिटतो, बाईवरचा मात्र एकशे चाळीस वर्षांनंतरही कायम! आणि दोघींपैकी वाईट कोणती, तर काळी. पिवळीपुढे नवस बोलले जातात. रंगावरून माणसाची किंमत करण्याची आपल्या समाजाची खोड बाहुलीपर्यंत पोहोचली आहे.

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त पुराणातील राक्षसांची उलटतपासणी घेतली. राक्षस म्हणजे मुळात रक्षक, असा अर्थ त्यांनी लावला. राक्षस कोणाला म्हणायचे हे ज्याच्या हातात कथा असते तो ठरवतो, हा त्यातला धडा आहे.

हा धडा मी पुस्तकात नंतर वाचला, आधी गल्लीत शिकलो. आमच्या वस्तीत धम्मदीक्षेनंतर घरांतले देव गेले होते, पण पोरांच्या खेळात मारबत शिल्लक होती. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आम्ही कामट्या आणि जुनी वर्तमानपत्रे जमवून हातभर उंचीची मारबत केली. चिंध्यांचे लुगडे नेसवले, सुतळीचे केस लावले. चेहरा काही जमेना. तेव्हा एक जण म्हणाला, गल्लीच्या टोकाच्या आजीसारखा करू. आजी एकटी राहायची, मूलबाळ नव्हते. तिच्या नजरेने लेकरं आजारी पडतात, असे मोठी माणसे बोलायची. आम्ही तिच्यासारखा कपाळावर गोंदणाचा ठिपका काढला आणि तिच्याच दारापुढे तिचे नाव घेऊन ओरडलो. आजी बाहेर आली, बाहुलीकडे पाहिले आणि काही न बोलता दार लावून घेतले.

संध्याकाळी आईने माझा कान धरून मला तिच्या दाराशी नेले. एवढेच म्हणाली, “बाहुली कागदाची आहे, बाई कागदाची नाही.” आजीने दार उघडले नाही. पुढे ती गल्ली सोडून गेली. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

आज कायद्याची पुस्तके हाताळताना तो ठिपका मला आठवतो. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला खून झाला, त्यानंतर सरकारला जाग आली. एखादी व्यक्ती करणी, भानामती करते असे म्हणून तिला त्रास देणे हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. परंतु कायदा लागतो तो बाईला चेटकीण ठरवून झाल्यावर. ठरवण्याची सुरुवात त्याआधी, ओट्यावरच्या कुजबुजीत आणि पोरांच्या खेळात झालेली असते.

म्हणून मुलांनी बाहुल्या करू नयेत, असे मी म्हणणार नाही. गेल्या पोळ्याला माझ्या मुलीने खोका, कापूस आणि जुन्या ओढणीचा बडग्या केला. विषय विचारला तर म्हणाली, “तुंबलेली नाली.” त्याला डासांचे पंख होते, पोटात प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. डेंग्यू कशाने होतो हे त्या बाहुलीकडे पाहून कोणालाही कळले असते. त्यात कोणाची आजी नव्हती.

कामट्या बांधा, कागद चिकटवा, रंग द्या. रोगाला रोगाचा आणि अन्यायाला अन्यायाचा चेहरा द्या. फक्त शेजारच्या बाईचा देऊ नका. बाहुली तासाभरात जळून जाते, पण त्या बाईला उद्याही त्याच गल्लीतून पाणी आणायचे असते.