थांबणे हाही शर्यतीचाच भाग

ऑगस्ट-सप्टेंबर आला की आमच्या शाळेत एक गोष्ट हमखास घडते. एकीकडे शालेय क्रीडा स्पर्धांचे वेळापत्रक येते, दुसरीकडे घटक चाचणी तोंडावर असते. मग कुणाचे तरी अब्बू शाळेत येतात आणि दारातूनच म्हणतात, “मॅडम, यंदा दहावी आहे. तिचा खेळ आता बंद करा.”

काही वर्षांपूर्वी बल्लारपूरकडून बसने येणाऱ्या एका मुलीबाबत असेच झाले. ती लांब पल्ल्याची धावपटू होती. जाण्या-येण्यात तिचे तीन तास जात. आम्ही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तिने शाळेचे बूट मुकाट्याने कपाटात आणून ठेवले. दहावीत तिचे गुण वाढले नाहीत, धावणे मात्र कायमचे सुटले. त्या दिवशी आम्ही गप्प बसलो, ही चूक आमचीच.

ही आठवण ताजी झाली ती केरळमधील निदा अंजुम चेलाट हिच्यामुळे. मलप्पुरम जिल्ह्यातील तिरूर हे तिचे मूळ गाव, बालपण गेले दुबईत. सप्टेंबर 2023 मध्ये फ्रान्समधील कास्तेलसाग्रा येथे युवा स्वारांच्या जागतिक एन्ड्युरन्स स्पर्धेत तिने ‘एप्सिलॉन सालू’ या घोड्यावरून 120 किलोमीटर अंतर 7 तास 29 मिनिटांत पार केले. ही स्पर्धा पूर्ण करणारी ती पहिली भारतीय. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्येच, माँपाझिए येथे, तिने मोठ्यांच्या गटातील 160 किलोमीटरही पूर्ण केले. हे सारे शिक्षण सांभाळून. बर्मिंगहॅम विद्यापीठातून तिने समाजकार्याची पदवी घेतली आहे.

या शर्यतीचा एक नियम प्रत्येक आई-वडिलांनी समजून घ्यावा असा आहे. अंतर टप्प्याटप्प्याने कापायचे असते. प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य घोड्याची तपासणी करतात. ठरलेल्या वेळेत त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 64 पर्यंत खाली यावे लागतात. तो लंगडत असेल किंवा ठोके उतरत नसतील, तर सर्वांत पुढे असलेला स्वारही बाद होतो. म्हणजे इथे नुसता वेग कामाचा नाही. कुठे लगाम खेचायचा, कुठे पाणी पाजायचे आणि कुठे थांबायचे, हे ज्याला कळते तोच शेवटपर्यंत पोहोचतो.

घोडेस्वारीचा दुसरा प्रकार म्हणजे इव्हेंटिंग. त्यात एकाच घोड्यावर तीन परीक्षा द्याव्या लागतात. आधी ड्रेसाज, म्हणजे शिस्तबद्ध चाली. मग ओंडके, चर आणि पाणी ओलांडत मोकळ्या रानातली दौड. शेवटी मैदानातल्या अडथळ्यांवरून उड्या. तिन्हींचे दंडगुण एकत्र मोजतात. दौडीत घोड्याला पार दमवले, तर शेवटच्या परीक्षेआधीच्या तपासणीतच तो अडतो.

या प्रकारातले आपले मोठे नाव म्हणजे बंगळूरचे फवाद मिर्झा. एकोणिसाव्या शतकात शिराझहून घोडे घेऊन बंगळूरला आलेले आगा अली अस्कर हे त्यांचे पूर्वज, तर वडील घोड्यांचे डॉक्टर. असे घर असूनही फवाद यांनी शिक्षण सोडले नाही. इंग्लंडमधून मानसशास्त्र आणि व्यवसाय या विषयांची पदवी घेतली आणि पुढे जर्मनीत राहून सराव केला. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांना वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन रौप्यपदके मिळाली. टोकियो ऑलिंपिकमध्ये ते 23 वे आले. त्यांच्याआधी ऑलिंपिकच्या इव्हेंटिंगमध्ये उतरलेले भारतीय होते मुंबईचे इम्तियाज अनीस, 2000 साली सिडनीत. मधली वीस वर्षे तिथे आपले कुणीच नव्हते.

कुणी म्हणेल, मॅडम, घोडा पाळणे आपल्या ऐपतीत कुठे? खरे आहे. निदा आणि फवाद यांच्यामागे घराची ताकद होती, ती आपल्यापैकी बहुतेकांकडे नाही. पण आपल्याच जिल्ह्यात पाहा. मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. त्यांच्यामागे श्रीमंती नव्हती. शासनाची योजना, प्रशिक्षक आणि शाळा मात्र ठामपणे उभ्या होत्या. खेळ आणि अभ्यासाचा तोल एकट्या मुलाच्या जिद्दीवर राहत नाही, तो भोवतालच्या माणसांनी धरायचा असतो.

आणि घोड्याचीच ओढ असेल, तर तीही वाट बंद नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घोडेस्वारी शिकवली जाते आणि 2022 पासून तिथे मुलींनाही प्रवेश मिळतो. आपल्या बल्लारपूर तालुक्यात भिवकुंडजवळ 2019 पासून सैनिक शाळा आहे.

घरच्यांनी काय करावे? जूनमध्येच परीक्षा आणि स्पर्धांच्या तारखा एका कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावाव्यात. फजरनंतरचा वेळ सरावाला उत्तम, पण त्यासाठी रात्री मोबाइल लवकर बाजूला ठेवावा लागेल. झोप कापून ना अभ्यास होतो ना खेळ. बारावीपर्यंत मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो, तो काढून घ्यावा. बसमधला वेळ पाठांतराला वापरता येतो. जिल्हा, विभाग आणि राज्य पातळीवरची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जायला हवा. पुढे सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षणही आहे. आणि मूल थकले, चिडचिड करू लागले, तर घोड्याच्या ठोक्यांसारखे त्याचेही ठोके उतरू द्यावेत. आठ दिवस सराव थांबवला म्हणजे खेळ सोडला असे होत नाही.

यंदाही एका मुलीचे अब्बू आले. या वेळी आम्ही त्यांना बसवले, चहा मागवला आणि वर्षभराचे वेळापत्रक समोर ठेवले. चाचणीच्या आठवड्यात सराव फक्त अर्धा तास, नोव्हेंबरपासून पूर्ण भर अभ्यासावर, असे तिघांनी मिळून ठरवले. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग विचारले, “निवड होऊन विभागीय स्पर्धेला नागपूरला जायची वेळ आली, तर सोबत कोण?”

आम्ही म्हणालो, “आम्ही जाऊ. जमल्यास तिच्या अम्मीलाही पाठवा.”