सौंसर कुणाच्या खिशात नाही

‘सौंसर? ती तर कमलनाथांची जागा. तिथं ते म्हणतील तो आमदार.’ निवडणूक विधानसभेची असो की लोकसभेची, नागपुरातल्या चर्चेत छिंदवाड्याचं नाव निघालं की हे वाक्य येतंच. बोलणाऱ्याला त्यासाठी पुरावा लागत नाही, ऐकणाराही मागत नाही. पण या एका वाक्यानं एका अख्ख्या मतदारसंघाचा इतिहास पुसला जातो. तिथला माणूस मत देतो म्हणजे नुसतं सांगितलेल्या जागी बटण दाबतो, असा त्याचा अर्थ होतो. हे चूक आहे, आणि चूक आहे हे निकालांवरूनच दाखवता येतं.

आधी साधी गोष्ट. काँग्रेसचे कमलनाथ मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा लोकसभा मतदारसंघातून नऊ वेळा खासदार झाले. पहिल्यांदा १९८० साली, शेवटी २०१४ साली. या लोकसभा मतदारसंघात सात विधानसभा येतात: जुन्नारदेव, अमरवाडा, चौरई, सौंसर, छिंदवाडा, परासिया आणि पांढुर्णा. सौंसर ही त्यातली एक. कमलनाथ सौंसरचे आमदार कधीच नव्हते. डिसेंबर २०१८ मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर त्यांना विधानसभेत निवडून येणं भाग होतं, तेव्हा दीपक सक्सेना यांनी छिंदवाड्याची जागा सोडली आणि कमलनाथ तिथून पोटनिवडणूक लढले. २०२३ मध्येही ते छिंदवाड्यातूनच निवडून आले.

गोंधळाचं एक कारण शिकारपूर आहे. कमलनाथांचं घर तिथं आहे, मतदानाच्या दिवशी टीव्हीवर ते दिसतात तेही शिकारपूरच्या केंद्रावर, आणि शिकारपूर सौंसर विधानसभेत येतं. म्हणजे कमलनाथ सौंसरचे मतदार आहेत. मतदार असणं आणि मालक असणं यात फरक आहे, आणि तो मागच्या निकालांनी फार स्पष्ट करून ठेवला आहे. २००८ साली सौंसरमधून भाजपचे नानाभाऊ मोहोड निवडून आले. २०१३ साली पुन्हा मोहोडच. मोहोड राज्यात मंत्रीही झाले. या दोन्ही निवडणुकांनंतर काही महिन्यांतच, २००९ आणि २०१४ मध्ये, छिंदवाड्यानं कमलनाथांना लोकसभेत पाठवलं. ज्या मतदारसंघात त्यांचं स्वतःचं घर, तिथला आमदार लागोपाठ दोन वेळा विरोधी पक्षाचा होता. याला ‘खिशातली जागा’ म्हणायचं कसं?

सौंसरची विधानसभा समजून घ्यायची तर सिल्लेवानीचा घाट लक्षात घ्यावा लागतो. छिंदवाडा शहर सातपुड्याच्या पठारावर, सौंसर घाटाखाली. घाट उतरला की शेत, बोली, सोयरीक, बाजार सगळं विदर्भाकडे वळतं. संत्रा आणि कपाशी हे इथल्या शेतकऱ्याचे जिव्हाळ्याचे विषय, दवाखाना आणि कॉलेज म्हटलं की नागपूर. बोरगावची औद्योगिक वसाहत आणि तिथली रेमंडची गिरणी याच तहसिलीत. त्या कारखान्यांचं श्रेय कमलनाथांना द्यावं की नाही यावर वाद होईल, पण तो वाद लोकसभेच्या वेळचा. आमदार निवडताना माणूस विचारतो की ट्रान्सफॉर्मर जळाला तर फोन कोण उचलतो, लग्नकार्याला आणि मयतीला कोण येतं. गेल्या काही निवडणुकांत या प्रश्नाची दोन उत्तरं होती, मोहोड आणि चौरे. २०१८ मध्ये काँग्रेसचे विजय चौरे जिंकले, २०२३ मध्येही तेच. त्यांचे वडील रेवनाथ चौरे हे सौंसरचे माजी आमदार आणि राज्याचे माजी मंत्री. हे घराणं, ही माणसं, त्यांचा गावोगावचा संपर्क बाजूला ठेवून सगळं एका नावावर टाकणं म्हणजे आळस आहे.

कमलनाथांचा प्रभाव नाही असं मात्र मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये राज्यात भाजपला २३० पैकी १६३ जागा मिळाल्या आणि काँग्रेस ६६ वर आली. अशा लाटेत छिंदवाड्याच्या सातही विधानसभा काँग्रेसकडे राहिल्या. यामागे कमलनाथांचं वजन होतं हे मान्य करायलाच हवं. पण २०१३ च्या लाटेत, भाजपला १६५ जागा मिळाल्या तेव्हा, याच सातांपैकी चार भाजपकडे गेल्या होत्या आणि सौंसर त्यात होतं. कमलनाथ तेव्हाही होते, केंद्रात मंत्री होते. प्रभाव असणं वेगळं, आणि निकाल आधीच ठरलेला असणं वेगळं.

मग जून २०२४ आला. लोकसभेच्या निकालात भाजपचे विवेक ‘बंटी’ साहू यांनी कमलनाथांचे पुत्र नकुलनाथ यांना १ लाख १३ हजारांहून अधिक मतांनी हरवलं आणि तीच मंडळी एका रात्रीत म्हणू लागली, ‘सौंसर आता भाजपचं झालं.’ पुन्हा तीच चूक, फक्त उलट्या बाजूनं. लोकसभेचा निकाल सातही विधानसभांची बेरीज असतो. त्या बेरजेवरून एका विधानसभेचा कल सांगता येत नाही. निवडणूक आयोगाचा फॉर्म २० असतो, त्यात प्रत्येक विधानसभेतली, प्रत्येक केंद्रावरची मतं मिळतात. सौंसरबद्दल ठाम बोलायचं असेल तर तो कागद उघडावा, मग बोलावं. आणि ‘नाथ कधी हरलेच नव्हते’ हेही खरं नाही. १९९७ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत भाजपचे सुंदरलाल पटवा यांनी कमलनाथांना छिंदवाड्यातच हरवलं होतं.

दुसरा गैरसमज महाराष्ट्रात जास्त ऐकू येतो: ‘सौंसर-पांढुर्णा महाराष्ट्रातून तोडून मध्य प्रदेशाला दिलं.’ यामागची हळहळ मला समजते, कारण या भागाची मराठी खरी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष झालं हेही खरं आहे. पण क्रम असा नाही. महाराष्ट्र १ मे १९६० रोजी झाला. त्याआधी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, जुन्या मध्य प्रदेशातून विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा त्या आठांत नव्हता, आणि सौंसर तहसील जिल्ह्याबरोबर मागे राहिली. म्हणजे सौंसर तोडलं गेलं नाही, बाकीचा मराठी मुलूख निघून गेला. मतदाराच्या दृष्टीनं यातली सर्वांत मोठी गोष्ट राजधानीची आहे. १९५२ ची पहिली निवडणूक झाली तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. आज जिथं महाराष्ट्राचं हिवाळी अधिवेशन भरतं, त्याच इमारतीत सौंसर भागाचा आमदार बसत होता. १९५७ मध्ये निवडून आलेल्या आमदाराला मात्र सातपुडा ओलांडून भोपाळला जावं लागलं. हाकेच्या अंतरावरची राजधानी एकदम दूर गेली. ‘तोडलं’ या शब्दात जे दुःख आहे त्याचं मूळ इथं आहे, आणि ते नीट सांगितलं तर जास्त पटतं.

बाकीचे समज थोडक्यात. पांढुर्णा राखीव म्हणून सौंसरही राखीव, असं नाही. पांढुर्णा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, सौंसर खुला मतदारसंघ आहे. ‘पुढच्या वेळी पाळीनं आरक्षण येईल’ हेही नाही, तशी पाळी पंचायतीत असते, विधानसभेत नसते. नवा जिल्हा झाला म्हणून मतदारसंघ बदलला, असंही नाही. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर तहसील त्यात गेली, शिकारपूर छिंदवाडा जिल्ह्यातच राहिलं. तरी सुमारे दीड महिन्यानं, १७ नोव्हेंबरला, दोन्हीकडच्या लोकांनी सौंसरच्या एकाच आमदारासाठी मत दिलं. जिल्ह्याची हद्द राज्य सरकार ठरवतं, मतदारसंघाची परिसीमन आयोग. २०२३ ची ही निवडणूक २००१ च्या जनगणनेवर आखलेल्या आणि २००८ पासून लागू असलेल्या हद्दींवरच झाली.