संगणकावरील लेखनाचा पडदा

टंकलेखन यंत्रावर ओळ संपत आली कीं घंटा वाजे व कागदाची गाडी हातानें मागें सारावी लागे. संगणकावरील वर्ड अथवा रायटर या लेखनप्रणालींत ओळ आपोआप खालीं वळते. म्हणून ‘एंटर’ ही कळ परिच्छेद संपल्यावरच दाबावी, असें आम्ही सुचवितों.

पडद्याच्या माथ्यावर लेखाचें नांव, त्याखालीं आज्ञांची पट्टी (वर्डमध्यें तिचें हल्लींचें रूप २००७ सालीं आलें), आणि मध्यें कोरा कागद. लुकलुकणारी उभी रेघ जेथें असेल, तेथेंच अक्षर उमटतें. तळच्या बारीक पट्टीकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. पृष्ठांक व शब्दसंख्या यांशेजारीं तेथें भाषेचें नांव असतें. तें ‘हिंदी’ असल्यास ‘आहे’, ‘आणि’ अशा आपल्या रोजच्या शब्दांखालींही तांबडी नागमोडी रेघ येऊं शकते, आणि विद्यार्थी आपलेंच मराठी अशुद्ध समजून चांगला शब्द खोडतो! वस्तुतः त्या रेघेचा अर्थ इतकाच कीं, प्रणालीच्या कोशांत तो शब्द नाहीं. सर्व मजकूर निवडून भाषेच्या नांवावर टिचकी मारावी व ‘मराठी’ ठरवावी. मराठी कोश जोडलेला नसेल, तर रेघ मुळींच येणार नाहीं. पण तेवढ्यानें लेख शुद्ध ठरत नाहीं. तो घरीं वडील मंडळींस एकदां वाचावयास द्यावा.