काटा उसाला, मग ताटाला का नाही?

गळीत हंगामात वजनकाट्यावरच्या बाबूशी एकदाही हुज्जत न घातलेला सभासद आपल्यात शोधून सापडायचा नाही. भरली गाडी काट्यावर चढते, रिकामी होऊन परत चढते, पावतीवर आकडा पडतो आणि आपण ती पावती डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचतो. क्विंटलभराचा फरक वाटला तरी "पुन्हा लावा गाडी काट्यावर" असा आवाज उठतो. आमच्या मते हे योग्यच आहे. घामाचा पैसा आहे तो. पण हाच सभासद घरी पाटावर बसला, की ताटात काय आणि किती पडले याचा हिशेब त्याच्याजवळ नसतो. दुभत्या गाईला सरकीची ढेप किती किलो घातली हे झोपेतून उठवून विचारले तरी तो सांगेल. स्वतः काल किती तेल खाल्ले, हे विचारले तर हसेल.

आम्हीही हसलोच असतो. हसू मावळले ते डॉक्टरांनी रक्ताचा कागद पुढे केला तेव्हा. साखर हद्दीवर येऊन ठेपली होती आणि वजन होते 84 किलो. वजन उतरवा, नाहीतर गोळी सुरू करतो, असे स्पष्ट बोलणे झाले. आमच्या वडनेरकडचा माणूस मूळचा कपाशी, तूर आणि सोयाबीनचा. ऊस विहिरीवाल्यांचा, तोही थोडका. तरी चहात साखर घालायच्या बाबतीत आम्ही कोल्हापूरकरांनाही हार जायचो नाही. असो. आम्ही भात कमी केला, रात्रीची एक पोळी सोडली, सकाळी हैदराबाद रस्त्याच्या कडेने फिरू लागलो. चार महिन्यांत 84 चे 78 झाले. गावात कौतुक झाले. आणि मग काटा जो अडला तो अडलाच. एक महिना 78, दुसरा महिना 78. खाणे तर तेच, फिरणे तेच.

अशा वेळी माणसाला कारणे फार सुचतात. वय झाले, हाड जड आहे, थायरॉइड असेल, आमच्या घराण्यातच असे आहे. पारावर विषय काढला तर एक जण म्हणाला, "म्या त दोनच पोया खातो भाऊ, तरी पोट वाढूनच राह्यलं. हवाच लागते मले." सगळे हसले, पण प्रत्येकाच्या मनात तेच होते. आम्ही थायरॉइडची तपासणी करून घेतली. ती करावीच, कारण कधी कधी दोष खरोखर तिथे असतो. आमचा कागद साफ निघाला.

तेव्हा आठवले ते कारखान्याचे. उतारा घसरला म्हणून कोणता केमिस्ट "यंत्राची प्रकृतीच तशी" असे म्हणून स्वस्थ बसतो? तो आधी हिशेब मांडतो. उसातून साखर आली किती, पोत्यात गेली किती, चोथ्यातून किती निसटली, मळीत किती राहिली, प्रेसमडमध्ये किती. शंभर टन उसामागे चोथाच अठ्ठावीस-तीस टन निघतो आणि त्यात शेकडा दोनच्या आसपास साखर राहून गेली, तरी अर्ध्या टनावर पाणी पडते. एवढे सारे लिहून झाल्यावर जे जुळत नाही, ती न सापडलेली तूट. ती फार वाढली तर चीफ केमिस्ट यंत्रांना दोष देण्याआधी काटे आणि मापे तपासतो. आम्ही ठरवले, आपणही आपली मापे तपासू.

हे काही आमचे एकट्याचे दुखणे नव्हते, हे पुढे वाचनात आले. न्यूयॉर्कमध्ये काही डॉक्टरांनी अशाच अडलेल्या माणसांचा अभ्यास केला आणि तो 1992 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात छापून आला. दहा जण होते, नऊ बाया आणि एक पुरुष. आम्ही दिवसाला 1200 उष्मांकांहूनही कमी खातो आणि तरी वजन उतरत नाही, अशी त्यांची तक्रार. डॉक्टरांनी त्यांना खुणेचे पाणी पाजले. या पाण्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेहमीपेक्षा जड जातीचे असतात. ते लघवीतून किती वेगाने बाहेर पडतात यावरून शरीराने खरोखर किती उष्णता खर्चली हे काढता येते, माणूस काय सांगतो यावर काही अवलंबून राहत नाही. निकाल असा, की त्यांची शरीरे अगदी ठाकठीक होती. खर्च अपेक्षेप्रमाणेच. चूक होती ती वहीत. जेवढे खात होते त्याच्या सुमारे निम्मेच ते लिहीत होते आणि श्रम मात्र दीडपट धरत होते. ती माणसे खोटे बोलत होती असे आम्हाला वाटत नाही. त्यांना खरोखरच तसे वाटत होते. आम्हालाही वाटतच होते की.

तर स्वयंपाकघरात काटा आला. पाच किलोपर्यंतचा, ग्रॅम दाखवणारा. सौभाग्यवतींनी कमरेवर हात ठेवून विचारले, "काहून जी, आता पिठालेही काटा लावता काय?" लावला. आणि पहिल्याच दिवशी भाकरीने आम्हाला उघडे पाडले. आम्ही वहीत एका भाकरीला साठ ग्रॅम ज्वारीचे पीठ धरत होतो. आमच्या घरच्या भाकरीला भरले एकशेपाच. शंभर ग्रॅम पिठाचे जवळजवळ 340 उष्मांक होतात. म्हणजे दोन भाकरींत तीनशेची तफावत, ती रोजची. "दोन भाकरी" हे माप नव्हेच. "एक गाडी ऊस" म्हटल्याने जसे टनेज कळत नाही, तसेच ते.

दुसरा चोर तेल. भाजीला "एक चमचा" म्हणून जे पडत होते ती पळी होती. पण भाजी सगळ्या घराची, त्यातले आपल्या वाट्याला किती आले हे रोज मोजणे जिकिरीचे. त्यावर आम्ही एक सोपी तोड काढली, ती सभासद भगिनींना विशेष उपयोगी पडावी. महिन्याच्या पहिल्या तारखेला तेलाचे वजन करायचे आणि शेवटच्या तारखेला उरलेले पुन्हा करायचे. आमच्या चौघांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल गेले. माणशी रोज चाळीस-बेचाळीस ग्रॅम. एक ग्रॅम तेलाचे नऊ उष्मांक, म्हणजे पावणेचारशे. आमच्या वहीत होते पंधरा ग्रॅम, 135 उष्मांक.

मग चहा. वहीत दोन कप होते, घरी पीत होतो तेवढे. सोसायटीत एक, टपरीवर एक आणि कोणी आले की एक, हे तीन कप वहीला माहीत नव्हते. दोन चमचे साखर म्हणजे दहा ग्रॅम, चाळीस उष्मांक. दुधाचे तीस-पस्तीस वेगळे. तीन कपांचे सव्वादोनशे झाले. शिवाय जाता-येता डब्यातले भाजलेले शेंगदाणे. मूठ अशी भरून न घेताही पंचवीस ग्रॅम होतात आणि त्याचे 140. सारा हिशेब जुळवला तेव्हा वही म्हणत होती 1400 आणि काटा म्हणत होता 2300. आमच्या वजनाच्या, बैठ्या कामाच्या माणसाला साधारण तेवढेच लागते. मग वजन उतरावे कोठून?

येथे शरीराचा एक न्याय सांगितला पाहिजे, नाहीतर सगळा दोष वहीवर जाईल. वजन उतरले की शरीराची गरजही उतरते. जड बंडी ओढायला बैलाला जास्त लागते, हलकीला कमी. उतरलेल्या दर किलोमागे रोजची गरज वीस-पंचवीस उष्मांकांनी घटते असे धरले, तर सहा किलोंत सव्वाशे-दीडशे आपोआप गेले. म्हणजे 84 किलोंवर ज्या ताटाने वजन उतरत होते, तेच ताट 78 वर तितके उतरवणार नाही. त्यात पहिल्या महिन्यांचा धाक ओसरतो, पळी भरते, चहा वाढतो. हे दोन्ही मिळून काटा अडतो.

आणि एक सावधगिरी. चार दिवस वजन हलले नाही म्हणून ते अडले असे म्हणू नये. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा, भजी, जिलेबी झाली, की दुसऱ्या सकाळी काटा किलो-दीड किलो वर दिसतो. ती चरबी नव्हे. मीठ आणि गोड यांनी धरून ठेवलेले पाणी आहे ते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7700 उष्मांक, तेवढे एका रात्रीत कोणाच्या बापाला खाता येणार नाहीत. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर वजन करावे आणि आठवड्याची सरासरी काढावी. तीन-चार आठवडे सरासरी जागची हलली नाही, तर मग वही तपासावी.

मोजून खाणे ही काही परदेशातून आलेली फॅशन नाही. आपल्या वर्धा जिल्ह्याने तर हे जवळून पाहिले आहे. गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी शेगावी राहायला आले, जे पुढे सेवाग्राम झाले. त्याआधी 1929 साली त्यांनी कच्च्या अन्नाचा प्रयोग केला, तेव्हा मोडाचे गहू आठ तोळे, बदाम आठ तोळे, पाला आठ तोळे असे तोळ्यांतले माप छापून प्रसिद्ध केले होते. तो प्रयोग प्रकृतीला मानवेना तेव्हा सोडला, हेही उघड सांगितले. पुढे 1942 साली आगाखान महालात कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहिले. त्यात बैठे काम करणाऱ्या माणसाचा रोजचा आहार असा दिला आहे: गाईचे दूध दोन पौंड, धान्य सहा औंस, पालेभाजी तीन औंस, इतर भाज्या पाच औंस, कच्ची भाजी एक औंस, तूप दीड औंस, गूळ किंवा साखर दीड औंस, आणि फळे ऐपतीप्रमाणे. आम्ही फळे सोडून त्याचे उष्मांक मांडले. अठराशेच्या आसपास आले. सहा औंस धान्य म्हणजे 170 ग्रॅम, आमच्या दीड भाकरीचे पीठ! त्यांचे स्वतःचे वजन 1939 सालच्या नोंदीत 46.7 किलो आहे, ते काही आपण गाठायचे नाही. तसे ते कमीच होते.

राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2020 सालचे आकडे पाहावेत. 65 किलोंच्या बैठ्या पुरुषाला 2110 उष्मांक, मध्यम श्रमाला 2710, कष्टाच्या कामाला 3470. आमचे वडील वखर धरून दिवसभर बैलांमागे चालत, ते शेवटच्या आकड्याचे धनी. आम्ही ट्रॅक्टरवर बसतो, मोटारसायकलने बांधावर जातो, आणि ताट मात्र वडिलांचेच वाढून घेतो. उलट ऊसतोडीला आलेल्या बाईला त्याच आकड्यांप्रमाणे 2720 हवेत. तिच्या ताटातून काही काढायचे नाही, घालायचे आहे. हा लेख तिच्यासाठी नव्हे, तिच्या तोडलेल्या उसावर पोट सुटलेल्या आमच्यासारख्यांसाठी आहे.

"माझे वजन कुठे जास्त आहे" म्हणणाऱ्यांनीही कंबर मोजावी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली लॅन्सेट या नियतकालिकात स्वतःची आणि डॉ. युडकिन या इंग्रज सहकाऱ्याची तुलना दिली आहे. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, पण युडकिनांच्या अंगात चरबी शेकडा 9.1 आणि याज्ञिकांच्या 21.2. आपली जात दिसायला बारीक आणि आतून चरबीची. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरवर, बाईची 80 वर गेली की रक्त तपासून घ्यावे.

आता अवघड गोष्ट. साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखर मोजा म्हणून लिहायचे! काहींना ते रुचणार नाही. पण सभासद टिकला तर ऊस टिकेल. गुळाने वाचू असे कोणी समजू नये. शंभर ग्रॅम गुळाचे 380 च्या आसपास होतात, साखरेचे 400. उसाच्या रसाला ब्रिक्स सोळा धरला तर एका पेल्यात चाळीसेक ग्रॅम घन पदार्थ, बहुतेक साखरच. उपवासाचे तर बोलायलाच नको. एकादशी, दुप्पट खाशी! साबुदाणा आणि दाण्याचा कूट काट्यावर ठेवून पाहावा, उपास आपोआप कडक होईल. भात मोजताना मात्र कच्चा तांदूळ मोजावा. शिजून तो तिपटीच्या घरात जातो, आणि शिजलेल्या वजनाला कच्च्याचे उष्मांक लावले तर वेगळाच घोळ होतो.

आम्ही उपाशी राहिलो नाही. भाकरी सत्तर ग्रॅम पिठाची केली, चहा तीन आणि साखर एक चमचा, आणि तेलाची पळी बदलून लहान चमचा आणला. साडेचारशेच्या आसपास कमी झाले. ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घासही कमी करू नये, साखर एकाएकी उतरून चक्कर येते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी तर या भानगडीत पडूच नये. आमचे पुढच्या दहा आठवड्यांत साडेतीन किलो उतरले. रक्ताची साखर हद्दीच्या अलीकडे आली आहे, गोळी अजून सुरू झालेली नाही.

दोन महिन्यांनी मोजणे सुटले तरी चालते, कारण डोळा तयार होतो. पारावरच्या त्या "हवाच लागते" म्हणणाऱ्या गृहस्थांनी परवा आमचा काटा मागून नेला. तो अजून परत आलेला नाही. भाकरी सध्या अंदाजानेच चालली आहे, आणि सौभाग्यवतींचा अंदाज आमच्यापेक्षा बरा निघाला आहे.