भिंतीवरचा बुरा

पावसाळा लागला की आपल्या केळापूर तालुक्यात कपाशीबरोबर आणखी एक पीक हमखास येते. त्याला पेरणी लागत नाही की निंदण-डवरण लागत नाही. हे पीक म्हणजे बुरशी. चपलांवर, लोणच्यात, भिंतीवर, पेटीतल्या कागदांवर ती दिसते. आपण 'बुरा चढला' म्हणतो, फडक्याने पुसतो आणि विसरतो. परंतु विषय इतका किरकोळ नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

बुरशी सजीव आहे. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत सदैव तरंगत असतात. ते घरात येऊच नयेत, हे कोणालाही शक्य नाही. रुजायला त्यांना ऊब, अन्न आणि ओल लागते. ऊब आपल्याकडे भरपूर. लाकूड, कागद, सुती कापड, चामडे, धान्य हे त्यांचे अन्न, आणि त्याशिवाय घर कसले? तेव्हा आपल्या हाती राहते ती ओल.

भिंतीवर पांढरे दिसले की ती बुरशीच, असे मात्र नाही. काळी माती पाणी फार काळ धरून ठेवते. ते पाणी पायातून भिंतीत चढते आणि सुकताना क्षार मागे ठेवते. हा लोणा. चिमूटभर पाण्यात टाकला तर तो विरघळतो, बुरशी विरघळत नाही. बुरशीचे ठिपके काळे वा हिरवट असतात, ते गोलाकार पसरतात आणि कुबट वास येतो. कपाटामागची बुरशी डोळ्यांआधी नाकाला कळते. अशा घरात दम्याच्या रोग्याचा त्रास वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिकाच काढली.

धान्यावरची बुरशी तर अधिक घातक. १९६४ साली 'सीएसएच-१' ही संकरित ज्वारी आली. ती लवकर पिकते. त्यामुळे परतीचा पाऊस नेमका भरल्या कणसावर पडतो आणि दाणा काळा होतो. १९९५ साली आंध्र व कर्नाटकातील २७ खेड्यांत अशीच पावसात भिजलेली, बुरशी आलेली ज्वारी व मका खाऊन लोकांना पोटदुखी व जुलाब झाले. त्याआधी १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या सीमेवरील आदिवासी भागात बुरशीच्या मक्याने यकृताचा आजार होऊन शंभरांहून अधिक माणसे दगावली. हे विष भाकरी भाजल्याने नष्ट होत नाही. चांगले धान्य बाजारात जाते आणि काळे घरात, मजुराच्या घरात तर हमखास, राहते. म्हणून बुरशीचा प्रश्न हा गरिबीचाही प्रश्न आहे.

उपाय खर्चाचे नाहीत. पावसाळ्याआधी कवेलू फेरावेत. पागोळ्यांचे पाणी पायाशी साचू देऊ नये, त्याला चर काढून द्यावा. पेट्या, पोती विटांवर वा फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत. धान्य दाताखाली कडकन वाजेल इतके वाळवूनच भरावे. मातीच्या भिंतीला चुना उत्तम, कारण चुन्याच्या तीव्र अल्कधर्मी गुणामुळे बुरशी सहज धरत नाही. नव्या सिमेंटच्या घरांत खिडक्या लहान आणि त्याही बंद असतात. चुलीची, ओल्या कपड्यांची वाफ आतच कोंडते. पाऊस उघडताच खिडक्या समोरासमोर उघडाव्यात. ओल्या भिंतीवर ऑइलपेंट देऊ नये, तो फुगून सुटतो. बुरशी कोरडी झटकली तर बीजाणू घरभर उडतात. तोंडाला रुमाल बांधून साबणाच्या पाण्याने पुसावी व जागा सुकवावी. ओल येण्याचे कारण काढले नाही, तर ती पुन्हा येणारच.

शेवटी कागदांविषयी. आमच्यासारख्या घरात, जिथे महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच, शाळेचा दाखला, जातीचा दाखला, जमिनीचे जुने उतारे एकाच पत्र्याच्या पेटीत असतात. ज्यांना ते वाचता येत नाहीत त्यांनीच ते जिवापाड जपलेले असतात. पण बुरशीने अक्षर खाल्ले तर शिष्यवृत्तीच्या अर्जापासून जमिनीच्या वाटणीपर्यंत सगळे अडते. भाद्रपदात चांगले ऊन पडले की पेटी उघडावी, कागद सावलीत वाऱ्यावर पसरावेत, पूर्ण कोरडे करूनच परत ठेवावेत. घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींनी हे काम आपल्याकडे घ्यावे. त्यातला कोणता कागद कशाचा आहे, हे वडीलधाऱ्यांना त्याच वेळी वाचूनही दाखवता येईल.