मिरकरवाड्याचा शततमक

बिने, स्टर्न, टर्मन हा बुद्धिमापनाचा इतिहास बी.एड.च्या प्रत्येक गाइडात आहे; तो इथे उगाळत नाही. मराठीपुरतं बोलायचं तर सुरुवात व्ही. व्ही. कामतांपासून. टर्मनची १९१६ ची चाचणी त्यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाडात मुलांवर पारखून घेतली. पुस्तक १९४० मध्ये आलं. नागपूरच्या आर्थर मॅलिन यांनी १९६९ मध्ये वेक्स्लरची चाचणी भारतीय मुलांसाठी उतरवली. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचं गिल्फर्डच्या बुद्धीविषयक मांडणीवरचं काम मोठं, पण त्यावर कुणी ना कुणी लिहितंच.

माझा जीव अडकलाय तो चाचणीच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत, मानकांच्या तक्त्यांत. कच्चे गुण मुके असतात. कुणाच्या रांगेत उभं केलं हे कळल्यावरच ते बोलतात. कामतांचा बुद्ध्यंक म्हणजे मानसिक वय भागिले खरं वय, गुणिले शंभर. या पद्धतीत गुणांचा पसारा प्रत्येक वयात सारखाच असेल याची हमी नाही. हा पसारा मोजणारं प्रमाण विचलन १५ असेल तर १३० चा मुलगा शंभरातल्या साधारण ९८ जणांच्या पुढे, म्हणजे त्याचा शततमक ९८. तेच २० असेल तर ९३ जणांच्या. आकडा एकच, मुलगा वेगळा. तरी अहवालात नुसतं '१३०' लिहून सही ठोकणारे आहेत, आणि शिबिरांत व्याख्यानंही तेच देतात!

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या मुलांच्या चाचण्या घेताना ही रांग कुणाची, हे फार जाणवायचं. पहाटे बंदरावर मासळी उतरवून आलेलं पोर अकरा वाजता माझ्यासमोर बसायचं. आधी चहा, मग चाचणी. सरावाला मी माझाच एक प्रश्न विचारायचो: बांगडा आणि खेकडा यांत सारखं काय? एकजण म्हणाला, दोन्ही जाळ्यात येतात, पण खेकडा जाळं फाडतो. साधर्म्याच्या प्रश्नांत जातिवाचक उत्तराला सहसा पूर्ण गुण, व्यवहारातल्या उत्तराला कमी. 'दोन्ही जलचर' म्हणणारा शहरी मुलगा पुढे जातो. त्याने जाळं कधी शिवलेलं नसतं. घरी दालदी बोली, चाचणी पुस्तकी मराठीत, हे आणखी वर.

म्हणून मी स्थानिक मानकांचा हट्ट धरला. पुण्यातले काही विद्वान म्हणत, अशाने गरिबीच झाकली जाईल. वाडीत सरासरी ठरलेल्या मुलाला मदत कोण देणार? मुद्दा खोटा नाही. म्हणून तर मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी मागतो. अपंगत्वाच्या दाखल्याला व्यापक मानकं हवीतच, सोबत रोजच्या जगण्यातल्या कौशल्यांची तपासणीही. पण वर्गातल्या कुणाला आधी शिकवणी द्यायची, हे त्याच शाळेच्या तक्त्यावरून अधिक नेमकं कळतं.

मानकं शिळीही होतात. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेचे आकडे मांडले: बुद्ध्यंकात दर दशकाला सुमारे तीन गुणांची वाढ. जुन्या तक्त्यावर मूल आहे त्याहून हुशार दिसतं, आणि अपंगत्वाच्या दाखल्यासाठीच्या सत्तर बुद्ध्यंकाच्या सीमारेषेवरच्या मुलाची हक्काची सवलत जाते. आता संगणक दोन मिनिटांत रंगीत आलेखांचा अहवाल काढून देतो. माझ्याकडे आलेल्या अशा कित्येक अहवालांत मानकं कुठल्या सालची, कुठल्या मुलांवरची, याला रकानाच नव्हता. मी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ते परत पाठवतो. तरुण मंडळी चिडतात, फोन करतात. मग निदान पुस्तिका तरी उघडतात.