पंपाचा कीस गेला कुठे?

वीस टनी पोकलेनचा मेन पंप गेला, की मालक आधी नव्या पंपाची किंमत विचारतो. वाघोलीजवळच्या एका शेडमध्ये असं काम शेजारी उभं राहून पाहिल्यापासून मला वाटतं, आधी विचारायला हवं ते वेगळंच: झिजलेल्या पंपाचा कीस गेला कुठे?

यंत्र क्रशरवरचं, सेकंडहँड घेतलेलं. बूम उचलताना आचके द्यायचं, तेल तापलं की ताकद सोडायचं. मिस्त्रींनी पंपाला हातही न लावता रिटर्न फिल्टर काढला, ब्लेडने कापला आणि त्याच्या घड्या ट्रेमध्ये उलगडल्या. चुंबक फिरवलं तेव्हा लोखंडाचा कीस त्याला चिकटून आला. खाली उरलेल्या तेलाला हळद कालवल्यासारखी पिवळी झाक होती. "हे पंपाच्या बुटांचं पितळ," ते म्हणाले.

या जातीच्या पंपात साधारण नऊ पिस्टन असतात. प्रत्येकाच्या टोकाला पितळी मिश्रधातूचा बूट असतो, आणि तो पोलादी तबकडीवर घसरत फिरतो. दोहोंमध्ये तेलाचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा, आणि त्यावर दाब साडेतीनशे बारच्या आसपास. क्रशरची काळ्या दगडाची धूळ या थरात शिरली की बूट घासला जातो, त्याचा कीस पुढे कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये, मोटरमध्ये, सिलिंडरमध्ये जातो, आणि तिथे नवा कीस तयार होतो.

डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनपर्यंतचाच कण दिसतो. नुकसान करणारे बरेचसे कण त्याहून बारीक असतात. म्हणून तर तेलाच्या स्वच्छतेचं आयएसओ ४४०६ हे माप ४, ६ आणि १४ मायक्रॉनपासूनचे कण मोजून ठरतं. "तेल तर स्वच्छ दिसतंय" या बोलण्याला त्यामुळे काही अर्थ राहत नाही. सीलबंद बॅरलमधलं नवं तेलसुद्धा गाळूनच भरावं लागतं.

इथे धूळ आली कुठून, तेही सापडलं. बकेटच्या सिलिंडरचं वायपर सील फाटलेलं होतं, म्हणजे रॉड आत जाताना दर वेळी धूळ घेऊन जात होता. टाकीचा ब्रीदर चोंदला होता. आणि फिल्टर इतका भरला होता, की त्याचा बायपास उघडा पडलेला. फिल्टर फुटू नये म्हणून ही सोय असते, पण ती उघडली की तेल न गाळताच टाकीत परततं.

मग धुणं सुरू झालं. टाकी रिकामी करून आतून पुसली, तीही धागे न सोडणाऱ्या फडक्याने. कॉटन वेस्ट मिस्त्रींनी शेडमधल्या त्या कोपऱ्यात येऊच दिलं नाही. शेवटी घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा आला. टाकीच्या तळाशी, वेल्डिंगच्या कडांशी तो दाबून उचलायचा. पहिला गोळा करडा होऊन आला, पुढचा कमी करडा. कणीक पांढरी निघेपर्यंत पोऱ्या टाकीत डोकं घालून होता.

सिलिंडर सगळे उघडले. पाइपांमधून हवेच्या दाबाने स्पंजचे बोळे मारले आणि तोंडं लगेच बुचांनी बंद केली. कंट्रोल व्हॉल्व्हचे स्पूल एकेक काढून धुतले, आणि ज्याच्या त्याच्याच भोकात परत घातले, कारण प्रत्येकाची जोडी ठरलेली असते. ऑइल कूलर मात्र बदलायला सांगितला. त्याच्या आतल्या अरुंद वाटांत अडकलेला कीस धुऊन निघेलच याची खात्री देता येत नाही, आणि तो पुढे केव्हा सुटेल ते सांगता येत नाही.

मालक वैतागले. "पंप नवा घालतोय ना? मग तेवढंच करून द्या."

"शेठ, तेवढंच असेल तर तो पंप मी बसवत नाही."

मला हे बोलणं फार मोलाचं वाटलं. बिलात पंप दिसतो, सील किट दिसतं. धुण्याचे तास दिसत नाहीत, आणि तिथेच घासाघीस होते. घाणेरड्या यंत्रात बसवलेला नवा पंप पहिल्याच सुरुवातीला जुन्याचा कीस गिळतो. मालकाला धुणं फुकट गेल्यासारखं वाटतं. माझ्या मते खरी दुरुस्ती तीच.

नवा पंप चढवल्यावर त्याची केस तेलाने भरून घेतली, कारण कोरडा फिरला तर तो तिथेच खरचटतो. इंजिन आयडलवर ठेवून बूम, आर्म, बकेट अगदी हळू हलवले, हवा निघेपर्यंत. मग बाहेरून फिल्टरची गाडी जोडली आणि टाकीतलं तेल तिच्यातून तासन्‌तास फिरवत ठेवलं.

निघताना मिस्त्रींनी ऑपरेटरला बजावलं: पन्नास तासांनी फिल्टर बदलायचा, आणि काढलेला फेकायचा नाही, इकडे पाठवायचा. तो आला तेव्हा कापला. घड्यांमध्ये थोडं लोखंड होतं, पितळ नव्हतं. मिस्त्रींनी यंत्र पूर्ण लोडवर चालवायला परवानगी दिली आणि वायपर सीलचा एक जादा सेट मालकाच्या हातात ठेवला.